कौटुंबिक आरोग्य : गिळण्याचाही व्यायाम असतो

जेवताना कोणास ठसका लागला की आपल्या घरांतून चटकन म्हटले जाते, "कोणीतरी आठवण काढली वाटते!" पाठीवर हात फिरविला जातो, पाण्याचा पेला पुढे केला जातो आणि जेवण पुन्हा सुरू होते. निरोगी माणसाच्या बाबतीत ही थट्टा निरुपद्रवी आहे. परंतु ज्या घरात अर्धांगवायूतून उठलेला, कंपवाताने जखडलेला किंवा घशाच्या कर्करोगावर उपचार घेतलेला माणूस ताटावर बसतो, त्या घरात ठसका हा आठवणीचा नसून इशाऱ्याचा असतो. आणि तेथे घाईने पुढे केलेला पाण्याचा पेला हा उपाय न ठरता कित्येकदा नवे संकट ठरतो.

इंदूरच्या एका वाचक भगिनींच्या पत्रामुळे हा विषय या सदरात घेतला आहे. त्यांचे सासरे निवृत्त शिक्षक. चार महिन्यांपूर्वी त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. आता ते काठी टेकीत अंगणापर्यंत जातात, बोलणेही पुष्कळसे सुधारले आहे. परंतु चहा-पाणी घेताना त्यांस हटकून ठसका लागतो. चारचौघांत फजिती नको म्हणून ते हल्ली सर्वांच्या मागून एकटेच जेवतात आणि चार घासांनंतर 'भूक नाही' म्हणून ताट बाजूस सारतात. अंगातले सदरे ढिले होऊ लागले आहेत. रुग्णालयातून घरी सोडताना एक छापील कागद हाती देण्यात आला होता. त्यावर उताणे निजून डोके उचलण्याचा एक व्यायाम सांगितलेला होता. तो कशासाठी, हे कोणी समजावून दिले नाही. सासऱ्यांस मानेच्या मणक्यांचे जुने दुखणे आहे. पहिल्याच दिवशी त्यांची मान आखडली आणि कागद कपाटात गेला. पत्राच्या अखेरीस भगिनींनी विचारले आहे की, घास गिळता यावा म्हणून डोके उचलून काय होणार? अशा व्यायामांचा खरोखर काही उपयोग असतो काय?

उपयोग असतो. मात्र दोष जेथे असेल तेथील स्नायूचाच तो व्यायाम असावा लागतो, आणि तो त्या माणसाच्या प्रकृतीस झेपणारा असावा लागतो. या दोन अटी समजून घेण्यासाठी आधी गिळणे म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

एका क्षणाचे काम

आपण दिवसातून सुमारे ५०० ते ७०० वेळा गिळतो. त्यात अन्नपाण्यापेक्षा लाळेचेच घोट अधिक. प्रत्येक वेळी जीभ, गाल, टाळू, घसा आणि स्वरयंत्र यांचे ३० हून अधिक स्नायू ठरलेल्या क्रमाने हलतात आणि मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या निदान पाच जोड्या त्यांस हुकूम देत असतात. तोंडातील घास चावून, लाळेत कालवून, त्याचा गोळा करून तो जिभेने मागे लोटणे एवढेच आपल्या इच्छेच्या हाती असते. त्यापुढचा भाग आपोआप आणि सुमारे एका सेकंदात उरकतो.

या एका सेकंदात पुष्कळ गोष्टी घडतात. श्वास क्षणभर थांबतो. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. हनुवटीखालचे स्नायू स्वरयंत्रास वर आणि पुढे ओढतात. गिळताना कंठमणी वर सरकतो तो यामुळेच. स्वरयंत्र वर गेले की त्यावरचे झाकण मिटते, स्वरतंतू एकमेकांस भिडतात आणि श्वासनलिका सुरक्षित होते. याच ओढीने मागची अन्ननलिका, जी एरवी मिटलेली असते, तिचे तोंड उघडते. श्वासाची आणि अन्नाची वाट घशात एकमेकींस छेदतात. तेथे रेल्वेच्या फाटकासारखा चोख कारभार चालावा लागतो. फाटक उशिरा पडले, अर्धवट पडले किंवा पलीकडचा मार्ग मोकळाच झाला नाही, तर अन्न किंवा पाणी श्वासनलिकेकडे वळते.

इंदूरच्या भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. उताणे निजून डोके उचलताना जे स्नायू ताणले जातात त्यांत हनुवटीखालचे हे स्नायूही असतात. व्यायाम मानेचा दिसत असला तरी तो कंठमणी वर ओढणाऱ्या स्नायूंचा आहे.

दोष कोठे आहे, हे आधी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांस गिळण्याची काही ना काही अडचण येते. पुष्कळांची ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते. काहींची मात्र मागे उरते. कंपवातात जीभ घास मागे लोटण्यास वेळ लावते आणि खोकल्याचा जोर कमी पडतो. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेने काही भाग गेलेला असतो, किंवा किरणोपचारांनी स्नायू ताठर झालेले असतात. तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांच्या पायी आपल्या देशात अशा रुग्णांची संख्या लहान नाही. शिवाय वार्धक्याने हातापायांचे स्नायू जसे झडतात तसे जिभेचे आणि घशाचेही झडतात.

ही लक्षणे घरातल्या माणसांनी ओळखावीत: जेवताना किंवा लगेच नंतर खोकला, घोटानंतर ओला, घरघरता होणारा आवाज, गालात साचून राहणारा घास, नाकातून परत येणारे पाणी, एका जेवणास लागणारा तासभर, विनाकारण घटणारे वजन, आणि वरचेवर येणारा ताप. याहून एक गोष्ट अधिक ध्यानात ठेवावयाची. काही रुग्णांच्या घशाची संवेदनाच मंदावलेली असते. पाणी श्वासनलिकेत उतरले तरी त्यांस ठसका लागत नाही. घरच्यांस वाटते की सारे सुरळीत आहे, आणि उलगडा होतो तो न्यूमोनिया झाल्यावर. म्हणून 'ठसका नाही, अर्थात धोका नाही' हे गणित अशा रुग्णांस लागू पडत नाही.

घशातील हा व्यवहार डोळ्यांनी पाहण्याची सोय आज आहे. अन्नात थोडे बेरियम मिसळून ते रुग्णास गिळावयास देतात आणि क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याचे चलच्चित्र घेतात. किंवा नाकातून बारीक दुर्बिण घालून घसा पाहतात. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जेरी लोगमन या विदुषींचा, गिळण्याच्या दोषांची परीक्षा व उपचार यांवरील ग्रंथ १९८३ साली निघाला. तेव्हापासून या शास्त्रास शिस्त आली, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था अशा तज्ज्ञांच्या शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की वाचा-उपचार म्हणजे केवळ तोतरेपणावरचे उपचार. परंतु बोलण्याचे आणि गिळण्याचे अवयव बहुतांशी तेच असल्यामुळे घासाचा दोषही त्यांच्याच दारी न्यावयाचा असतो.

काही व्यायाम आणि त्यांचे प्रयोजन

पुढील व्यायामांची माहिती तज्ज्ञांचे सांगणे नीट समजावे एवढ्यासाठी दिली आहे. ती वाचून कोणी आपल्या मनाने उपचार सुरू करू नयेत.

पहिला, वर आलेला डोके उचलण्याचा. डॉ. रझा शाकर यांनी तो १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ केला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. उशी न घेता उताणे निजावयाचे. खांदे न उचलता केवळ डोके इतके उचलावयाचे की पायाची बोटे दिसावीत. मिनिटभर तसेच राहून मिनिटभर विसावा घ्यावयाचा. असे तीन वेळा. नंतर न थांबता ३० वेळा डोके उचलून खाली ठेवावयाचे. हे दिवसातून तीनदा, सहा आठवडे. अन्ननलिकेचे तोंड पुरेसे उघडत नसल्यामुळे नळीने अन्न घेणाऱ्या २७ रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. या व्यायामानंतर रुग्ण पुन्हा तोंडाने जेवू लागले, आणि ज्यांस तुलनेसाठी नुसता नावापुरता व्यायाम दिला होता त्यांच्यात तशी सुधारणा दिसली नाही. मात्र तो श्रमाचा आहे. मानेच्या मणक्यांचे दुखणे असणाऱ्यास तो सोसत नाही, आणि हृदयविकार व रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून तो करू नये.

त्याचाच सौम्य भाऊ म्हणता येईल असा व्यायाम सिंगापूर येथील संशोधकांनी २०१४ साली मांडला. खुर्चीवर ताठ बसून हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये रबराचा मऊ चेंडू धरावयाचा आणि हनुवटीने तो दाबावयाचा. निरोगी माणसांवर केलेल्या मोजणीत हनुवटीखालचे स्नायू यात आधीच्या व्यायामाइतकेच, किंबहुना अधिक, कामास लागलेले दिसले. चेंडूऐवजी पंचाची घट्ट गुंडाळीही काही तज्ज्ञ वापरतात. बसून करावयाचा असल्यामुळे वृद्धांस हा अधिक झेपतो.

दुसरा गट जिभेचा. चमच्याची पाठ किंवा लाकडी पट्टी जिभेसमोर धरून जिभेने ती लोटावयाची; जीभ टाळूवर दाबून काही सेकंद ठेवावयाची. जीभ हा स्नायूच आहे. आठवड्यांच्या नियमित सरावाने तिचा जोर वाढतो, असे वृद्धांवरील आणि अर्धांगवायूच्या रुग्णांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

तिसरा गट प्रत्यक्ष गिळण्याचा. 'जणू मोठा घास आहे' अशा जोराने लाळ गिळणे हा त्यातला सर्वांत साधा. कंठमणी वर गेला की त्यास तेथेच दोन क्षण रोखून मग सोडणे हा त्याहून कठीण. कंठमण्यावर हलकेच बोटे ठेवली की त्याची उंची हातास कळते. जिभेचे टोक दातांत हलके धरून लाळ गिळणे हा आणखी एक. जपानी संशोधिका मासाको फुजिऊ यांच्या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याने घशाची मागची भिंत पुढे येण्यास शिकते. हा शेवटचा केवळ लाळेवर करावयाचा. तोंडात अन्न किंवा पाणी असताना कदापि नव्हे.

चौथा फुंकरीचा. विरोध करणारी झडप बसविलेल्या एका लहान नळीतून जोराने श्वास सोडावयाचा. कंपवाताच्या ६० रुग्णांवर चार आठवडे केलेल्या प्रयोगात गिळणे अधिक सुरक्षित झाल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले. नळीची झडप किती घट्ट ठेवावयाची, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते.

कर्करोगाच्या रुग्णांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. किरणोपचार संपून घसा ताठर झाल्यावर व्यायामास बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. उपचारांच्या काळातच गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम चालू ठेवणाऱ्यांचे स्नायू अधिक टिकतात, असे ५८ रुग्णांवरील एका प्रयोगात २०१२ साली आढळले. तेव्हा किरणोपचार सुरू होण्यापूर्वीच वाचा-उपचारतज्ज्ञांची भेट मागून घ्यावी.

या सर्वांपलीकडे एक तत्त्व आहे. काठावर बसून हात मारल्याने कोणी पोहावयास शिकत नाही. त्याचप्रमाणे गिळण्याचा मुख्य व्यायाम गिळणे हाच आहे. म्हणून, जे जिन्नस आणि जितके घोट तोंडाने घेणे सुरक्षित आहे असे परीक्षेत ठरले असेल, तेवढे रोज घेतलेच पाहिजेत. भीतीने सारेच बंद केले तर उरलासुरला जोरही जातो.

कोणास व्यायाम नको

घास छातीशी अडकल्यासारखा वाटत असेल, आधी भाकरी आणि मग मऊ भातही उतरेनासा झाला असेल आणि वजन घटत असेल, तर तो दोष बहुधा अन्ननलिकेतील अडथळ्याचा असतो. तेथे व्यायामात दिवस घालवू नयेत. अन्ननलिकेची दुर्बिणीतून तपासणी लवकर करवून घ्यावी. स्नायूंचे काही आजार असे असतात की त्यांत श्रमाने शक्ती वाढण्याऐवजी खचते. अशा रुग्णांस दमविणारे व्यायाम अपाय करतात. गुंगीत असलेल्या रुग्णास तर व्यायामही नको आणि तोंडाने घोटभर पाणीही नको.

ताटाभोवतीचे नियम

व्यायाम दिवसातून तीनदा. जेवणाच्या वेळचे वागणे मात्र प्रत्येक घासास. रुग्णास निजवून चमच्याने दूध-पाणी पाजण्याची आपल्याकडील रीत मायेची असली तरी धोक्याची आहे. पाठ ताठ, पाय जमिनीस टेकलेले, असे बसवूनच भरवावे आणि जेवणानंतरही अर्धा तास बसते ठेवावे. चमचा लहान असावा. पहिला घास गिळल्याची खात्री पटल्यावाचून दुसरा देऊ नये. काही रुग्णांस हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने सोपे जाते. परंतु ते सर्वांस लागू नाही, तपासणीत ठरवावे लागते. घास तोंडात असताना प्रश्न विचारू नयेत. जेवण झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात काही राहिले नाही ना, हे पाहावे.

पाणी पातळ म्हणून सोपे, ही समजूत चुकीची आहे. पातळ पदार्थ वेगाने धावतो आणि फाटक पडण्याच्या आत घशात पोहोचतो. म्हणून अनेकांस पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा नाचणीची दाट आंबील सुखाने उतरते. दाटपणा किती हवा, हे तज्ज्ञांनी सांगावे आणि घरात तो रोज सारखा राखावा. कारण पिठाने दाट केलेला पदार्थ लाळ मिसळताच सैल होऊ लागतो. पातळ रसात घट्ट फोडी असलेले पदार्थ, तसेच चिवडा, लाह्या यांसारखे तोंडात विखुरणारे जिन्नस टाळावेत.

तोंडाची स्वच्छता यात सर्वांत दुर्लक्षित राहते. लाळेचा थेंब चुकून फुफ्फुसाकडे गेलाच, तर तोंडातले जंतूही त्याच्याबरोबर जातात. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या एका पाहणीत, ज्यांचे दात व तोंड नियमित स्वच्छ केले जात होते त्यांच्यात न्यूमोनिया कमी आढळला. त्याच देशात पुष्कळ वृद्ध जेवणाआधी 'पा, ता, का, रा' ही अक्षरे मोठ्याने घोकतात. आपल्या वर्णमालेच्या विद्यार्थ्यास यातले मर्म चटकन कळावे: 'प' ओठांचा, 'त' दातांचा, 'क' कंठाचा आणि 'र' जिभेच्या टोकाचा. घास ज्या वाटेने जावयाचा त्या वाटेवरच्या एकेका ठाण्यास जागे करण्याचा हा प्रकार आहे. त्याने मोठा चमत्कार घडत नाही. परंतु खर्च नाही, अपाय नाही, आणि नातवंडांसह म्हणता येतो. बाकीचे श्रमाचे व्यायाम मात्र जेवणाच्या तोंडावर करू नयेत. थकलेला स्नायू ताटावर दगा देतो.

कागद कपाटातून काढा

आता इंदूरच्या भगिनींस उत्तर. तो कागद फाडू नका. तो घेऊन सासऱ्यांसह वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात त्यांची चौकशी करावी. तेथे चार प्रश्न विचारा: दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे? हा व्यायाम त्या दोषाचा आहे काय? मानेचे दुखणे असल्यामुळे त्याऐवजी कोणता करता येईल? आणि किती आठवड्यांनी पुन्हा तपासावयाचे? उत्तरे लिहून घ्या. घरी ज्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब मांडता तिच्यावरच व्यायामाच्या खुणा करा आणि दर आठवड्यास वजन लिहा. मध्यंतरी ताप किंवा धाप वाटली तर हिशेबाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

सारे पूर्ववत होईलच, असे आश्वासन देता येत नाही. काहींस पाणी पुन्हा मोकळेपणाने पिता येते. काहींस ते कायमचे दाट करूनच घ्यावे लागते. परंतु दोन्ही प्रकारचे लोक सर्वांबरोबर जेवू शकतात. तेव्हा, वाचकहो, आपल्या घरी असे कोणी असेल तर त्यांचे ताट वेगळे मांडू नका. रेडिओ आणि दूरचित्रवाणी बंद करा, गप्पा जेवणानंतर करा, आणि सर्वांनीच थोडे सावकाश जेवा. घरातील वडीलधारे माणूस ठसक्याच्या लाजेने अर्धपोटी उठत असेल, तर पहिला उपचार त्यांच्या शेजारी पाट मांडण्याचा आहे. व्यायामाची वेळ त्यानंतर येते.